एका छिद्राचा जमाखर्च

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या सर्वांच्या खिशातील एका वस्तूमधून एक लहानसे गोल छिद्र नाहीसे झाले. त्याचा व्यास ३.५ मिलिमीटर. फोनच्या वरच्या किंवा खालच्या कडेला ते असे आणि इयरफोनची पिन त्यात 'टक्' असा आवाज करून बसे. जाणकार त्याला हेडफोन जॅक म्हणतात. आपल्या घरांतून 'पिनचे भोक' एवढेच त्याचे नाव होते. नवा फोन घरी आला, डबा उघडला, जुन्या इयरफोनची पिन हातात घेतली आणि फोन चारही बाजूंनी फिरवून पाहिला तरी ती घालायची कोठे हे उमगेना, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल. दुकानदाराला विचारावे तर तो हसतमुखाने ब्लूटूथच्या डब्या कपाटातून काढून काउंटरवर मांडतो.

येथपर्यंतची हकीकत सर्वांची सारखीच आहे. मला लिहावयाचे आहे ते त्यापुढचे. हे छिद्र कोणी व का बुजविले, ते गेल्याने घराच्या हिशेबात नेमके काय बदलले, आणि ज्यांना त्याची खरी निकड आहे त्यांनी आता काय करावे. आयुष्याची ३६ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत पाहण्याची खोड जडलेली असते. तेवढी वाचकांनी चालवून घ्यावी.

हे छिद्र मोबाईलपेक्षा कितीतरी जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छिद्रांची भिंत समोर ठेवून बसलेले ऑपरेटर एका ग्राहकाची दोरी दुसऱ्याच्या छिद्रात खोवून दोघांचे बोलणे जुळवून देत. ती पिन पाव इंच, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटर जाडीची होती. आजही ध्वनिक्षेपणाच्या व्यवस्थेत आणि विजेच्या गिटारमध्ये तीच वापरतात. तिचीच धाकटी बहीण असलेली ३.५ मिलिमीटरची पिन ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात घरोघरी आली. एका कानात घालावयाचा, दुधी रंगाचा, कुरळ्या वायरचा तो इयरफोन आणि त्यातून चोरून ऐकलेले क्रिकेटचे समालोचन माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. पुढे १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला. त्या पहिल्या वॉकमनला एक नव्हे, दोन छिद्रे होती. दोघांनी शेजारी बसून एकच गाणे ऐकावे, अशी त्यामागची कल्पना. नंतर टेपरेकॉर्डर, संगणक, दूरचित्रवाणी संच आणि अखेर मोबाईल, सर्वांनी तेच माप स्वीकारले.

व्यापारी वाचकांच्या ध्यानात यावी अशी एक गोष्ट यात आहे. कोणत्याही कंपनीची पिन कोणत्याही कंपनीच्या यंत्रात बसत असे आणि त्यासाठी कोणाची अनुमती काढावी लागत नसे. आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून शेर, मण, तोळे मागे पडून किलो-ग्रॅम आले. आमचे आजोबा सांगत की त्यापूर्वी एका पेठेतला मण दुसऱ्या पेठेत गेला की त्याचा अर्थ बदलत असे. माप एक झाले तेव्हा परगावच्या मालाचा भाव टपाली कार्डावरही बोलता येऊ लागला. ३.५ मिलिमीटरची पिन हे ध्वनीच्या बाजारातले तसेच सर्वमान्य माप होते. शंभर रुपयांचा इयरफोन विकणारा फुटपाथवरचा विक्रेता आणि लाखाचा हेडफोन करणारा जर्मन कारखाना दोघेही त्याच मापाने व्यवहार करीत.

हे माप मोडले ते ७ सप्टेंबर २०१६ रोजी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीने आयफोन ७ सादर केला आणि त्यातून हे छिद्र वगळल्याचे जाहीर केले. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी व्यासपीठावरून या निर्णयाचे कारण सांगताना 'धैर्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. त्याची पुढे पुष्कळ थट्टा झाली. वास्तविक त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेइको या चिनी कंपनीने आणि त्यानंतर मोटोरोलाने जॅक नसलेले फोन सादर केले होते. परंतु मोठ्या पेढीने भाव पाडल्यावरच बाजार हलतो.

गंमत पुढेच आहे. गुगलने त्याच वर्षीच्या आपल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत जॅक असल्याची शेखी मिरविली आणि वर्षभरात, २०१७ च्या पिक्सेल २ मधून तो काढून टाकला. सॅमसंगनेही आपल्या जाहिरातींतून ॲपलच्या ग्राहकांना चिमटे काढले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या नोट १० मधून जॅक गाळला. वनप्लसने २०१८ च्या अखेरीस ६टी मधून तो वगळला. स्पर्धकाच्या दुकानाला नावे ठेवता ठेवता आपणही तोच माल मांडावयाचा, ही रीत आपल्याही बाजारपेठेला अपरिचित नाही!

कंपन्यांनी दिलेली कारणे पूर्णतः खोटी होती असे मी म्हणणार नाही. फोनच्या पोटात जागा फार थोडी असते आणि जॅकची नळी त्या मानाने बरीच लांब जाते. ती काढली की बॅटरीला किंवा अन्य भागांना जागा मिळते. एक छिद्र कमी म्हणजे पाणी शिरण्याची एक वाट कमी, हेही खरे. मात्र सॅमसंगचा २०१६ चाच गॅलेक्सी एस७ पाण्यात टिकणारा होता आणि त्याला जॅकही होता. सोनीने तर काही काळ वगळलेला जॅक २०२० साली एक्सपिरिया १ मार्क २ या महागड्या फोनमध्ये परत आणला. तेव्हा अपरिहार्यता होती असे म्हणता येत नाही. सोय होती, आणि ती अधिक करून विक्रेत्याची होती. आयफोन ७ ज्या व्यासपीठावरून आला त्याच व्यासपीठावरून, त्याच दिवशी, १५९ डॉलर किमतीचे बिनतारी एअरपॉड्सही आले, ही नोंद ताळेबंद वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

त्यानंतरचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आयफोन ७ च्या डब्यात नव्या पिनचे इयरफोन आणि जुन्या इयरफोनसाठी जोडतुकडा, दोन्ही मिळत होते. २०१८ पासून जोडतुकडा गेला. २०२० च्या आयफोन १२ च्या वेळी इयरफोन गेले आणि चार्जरही गेला. पुढच्याच जानेवारीत सॅमसंगच्या एस२१ च्या डब्यातूनही दोन्ही अदृश्य झाले. फोनच्या किमतीत मात्र त्या प्रमाणात घट झालेली ग्राहकाला जाणवली नाही. पूर्वी जे मालाबरोबर येत असे ते आता वेगळे बिल करून घ्यावयाचे. किराणा दुकानदाराने साखर विकावी आणि पिशवीचे पैसे मागावेत, तर ग्राहक कुरकुरतो. येथे कोणी कुरकुरले नाही, कारण पिशवी दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, फार सुंदर कपाटात ठेवली होती.

आता घरगुती हिशेबाकडे वळू. समजा, वायरचा बरा इयरफोन ४०० रुपयांस घेतला आणि जपून वापरला, तर तो पाच वर्षे सहज चालतो. वार्षिक घसारा ८० रुपये. समजा, बिनतारी जोडी १,५०० रुपयांस घेतली. तिच्या प्रत्येक गोळीत एक नखाएवढी बॅटरी असते, साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांची. आपल्या फोनची बॅटरी ५,००० च्या घरात असते, यावरून प्रमाण लक्षात येईल. लिथियमची बॅटरी काहीशे वेळा भरली-रिकामी झाली की तिची धारणशक्ती उतरू लागते. मोठी बॅटरी उतरली तरी कामापुरती उरते. लहान उतरली की अर्ध्या तासात मान टाकते. दोन-तीन वर्षांत जोडी निकामी झाली असे धरले तर वार्षिक घसारा ५०० ते ७५० रुपये. घरात चार माणसे असली की आकडा चौपट. त्यात एक गोळी हरवणे हा स्वतंत्र नुकसानीचा प्रकार. जोड्यातला एक जोडा हरवल्यावर उरलेल्याचे जे होते तेच तिचेही होते.

रक्कम मोठी नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु पूर्वी जी एकदाच करावयाची खरेदी होती ती आवर्ती खर्चात गेली, हा फरक रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे. वायर तुटली तर आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत ती डाग देऊन जोडून देणारे कारागीर मिळत. बिनतारी गोळी चिकटवून बंद केलेली असते. ती उघडताना बहुधा मोडते. म्हणजे दुरुस्तीचा रकानाच पुसला गेला. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत आणि अशा वस्तू अधिकृत संकलन केंद्रात द्याव्यात हे उत्तमच. तथापि आपल्या घरांतील किती जुन्या जोड्या तेथपर्यंत पोहोचतात आणि किती टेबलाच्या खणात पडून आहेत, हे प्रत्येकाने खण उघडून पाहावे.

दुसऱ्या बाजूचे माप टाकताना काटा मारू नये, म्हणून बिनतारीचे गुणही सांगतो. हळदीच्या गोदामात पोती मोजून घेताना, शिडीवर चढताना वायर अडकते. तेथे ब्लूटूथ उपकारकच आहे. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात काम करताना फोन दूर बैठकीत ठेवून तासन् तास ऐकत असतात आणि त्यांना वायरकडे परत जाण्याची मुळीच इच्छा नाही. (या विषयावर आमच्या घरात एकमत नाही, हे नमूद करून पुढे जातो.) ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी तर काही नवी श्रवणयंत्रे थेट ब्लूटूथने फोनशी जोडली जातात आणि पलीकडच्याचा आवाज सरळ कानात येतो. हा लाभ मोठाच आहे.

काही तोटे मात्र सहसा कोणी सांगत नाही. बिनतारी मार्गाने आवाज पोहोचण्यास किंचित उशीर होतो, सेकंदाचा एखादा दशांश किंवा त्याहूनही अधिक. चित्रपट पाहताना फोन हा उशीर सांभाळून घेतो. पण फोनवर पेटीचे किंवा तबल्याचे ॲप वाजविताना बोट आधी पडते आणि सूर मागून येतो. शिकणाऱ्या मुलाचा हातच बिघडतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर बोलणे सुरू झाले की आवाजाचा दर्जा एकदम खालावतो, कारण ऐकणे आणि बोलणे दोन्ही त्याच अरुंद वाटेने करावे लागते. मालाचा भाव सांगताना 'साठ' आणि 'आठ' यांत गोंधळ होऊ नये अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी महत्त्वाचा सौदा वायरवर किंवा फोन थेट कानाला लावून करावा.

या छिद्राचे अन्य उपयोगही त्याच्याबरोबर गेले. फोनमध्ये एफएम रेडिओ असतो तेव्हा इयरफोनची वायर हीच त्याची एरियल असते. १०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर भरते. मीटरभर वायर तिला पकडण्यास पुरेशी होते. जॅक गेला, वायर गेली, आणि बऱ्याच फोनांतून रेडिओही गेला. पूर आला, मोबाईलचे मनोरे बंद पडले, इंटरनेट गेले, तर सूचना मिळण्याचा तो एक मार्ग शिल्लक राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन उत्पादकांना एफएमची सोय उपलब्ध ठेवण्याविषयी सूचना दिली, त्यामागे आपत्तीच्या काळातील उपयोगाचाही विचार होता.

व्यापाऱ्यांच्या इतिहासातही या छिद्राला एक ओळ मिळावयास हवी. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील स्क्वेअर या कंपनीने लहान दुकानदारांसाठी कार्ड घासण्याचा एक पांढरा चौकोनी तुकडा काढला. तो फोनच्या याच छिद्रात बसे. कार्डावरील चुंबकीय पट्टीतील माहिती ध्वनीच्या लहरीचे रूप घेऊन माइकच्या वाटेने फोनमध्ये शिरे आणि फोन तिचा अर्थ लावी. बँकेचे महागडे यंत्र ज्यांना परवडत नव्हते अशा विक्रेत्यांनाही त्यामुळे कार्डावर पैसे घेता आले. आपल्याकडे लग्नसमारंभांत मिरविलेल्या वायरच्या सेल्फी-काठ्याही त्याच छिद्रात खोवल्या जात.

मात्र माझ्या लेखी या विषयाला महत्त्व आले ते आमच्या मातोश्रींमुळे. त्यांचे वय ८७. दृष्टी मंदावली आहे, वाचन सुटले आहे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की प्रवचने व स्तवने ऐकावयाची आणि पहाटे चारला जाग आली की पुन्हा ऐकावयाची, हा त्यांचा नित्यक्रम. जुन्या फोनवर त्यांचे कोणावाचून अडत नसे. उजवा कान ओळखता यावा म्हणून त्या बाजूच्या वायरला त्यांनी लाल दोरा बांधला होता. छिद्र बोटाने चाचपावे, पिन खोवावी, झाले. पिन गोल असल्यामुळे उलट-सुलट हा प्रश्नच नसे आणि घरातील कोणाची झोपमोड होत नसे.

तो फोन बंद पडल्यावर माझ्या चिरंजीवांनी मोठ्या प्रेमाने आजीसाठी नवा फोन आणि बिनतारी जोडी आणली. आजीने त्या गोळ्यांचे 'चिंचोके' असे नामकरण केले. चिंचोके कानात टिकेनात. डबी उघडली की एक बाई कानात इंग्रजीतून काहीतरी सांगे, "ही कोण रे, आणि माझ्याशी काय बोलते?" असे त्या दोनतीनदा विचारत्या झाल्या. कधी चिंचोके शेजारच्या खोलीतील नातवाच्या फोनशीच जोडले जात आणि आजीच्या कानात क्रिकेट सुरू होई. एक चिंचोका उशीच्या अभ्र्यातून धुलाईयंत्रात गेला. पण खरी अडचण निराळीच होती. पहाटे चार वाजता कोणाला उठवावयाचे? त्यांनी ऐकणेच सोडून दिले. तक्रार केली नाही. महिनाभराने सूनबाईंच्या लक्षात आले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तेवढी एक गोष्ट माझ्या हाताची होती." परावलंबनाचा आरंभ माणसाच्या आयुष्यात कोठून होतो हे सांगता येत नाही, आमच्या घरी तो साडेतीन मिलिमीटरवरून होऊ पाहत होता.

मग मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून तपशिलाने देतो.

फोनमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठविलेला असतो. कानाला आकडे कळत नाहीत. त्याला हवेतील लहर हवी. आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या भागास 'डॅक' म्हणतात. जॅक असलेल्या फोनमध्ये डॅक आतच असे आणि छिद्रातून तयार लहर बाहेर येई. पिनवरचे चार धातूचे पट्टे, म्हणजे डावा कान, उजवा कान, माइक आणि परतीची वाट, एवढ्यात सारा कारभार. आजच्या टाइप-सी या चार्जिंगच्या छिद्रात २४ संपर्कबिंदू असतात आणि त्यातून बहुतेक फोन आकडेच बाहेर पाठवितात. म्हणून जुना इयरफोन जोडण्यासाठी बाजारात जे बोटभर जोडतुकडे मिळतात, त्यांचे दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात नुसत्या तारा असतात. फोन टाइप-सीच्या छिद्रातून तयार लहर देत असेल तरच तो चालतो. दुसऱ्या प्रकारात तुकड्यातच चिमुकला डॅक बसविलेला असतो. तो आजच्या बहुतेक फोनांना चालतो. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. पुष्कळदा दुकानदारालाही हा भेद माहीत नसतो, आणि 'तुमच्या फोनमध्येच दोष आहे' असे सांगून तो मोकळा होतो. तेव्हा डब्यावर डॅक असल्याचा उल्लेख पाहावा आणि आपला फोन व आपला इयरफोन दोन्ही बरोबर नेऊन काउंटरवरच चालवून पाहावे. नुसते गाणे ऐकून थांबू नये; एक फोन लावून पलीकडच्याला आपला आवाज येतो का हेही विचारावे. काही फोनांत सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' ही सोय चालू केल्याशिवाय असा तुकडा बोलतच नाही. आयफोन १४ व त्यापूर्वीच्या, जॅक नसलेल्या आयफोनांना लाइटनिंग पिनचा तुकडा लागतो. सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ पासून तेथेही टाइप-सी आली.

मातोश्रींसाठी डॅक असलेला तुकडा आणला, त्यांच्या इयरफोनच्या पिनवर तो कायमचा बसविला आणि निसटू नये म्हणून सूनबाईंनी त्यावर दोरा गुंडाळून दिला. संध्याकाळचा प्रश्न सुटला. पहाटेचा राहिला. रात्रभर फोन चार्जिंगला असतो आणि आता चार्जिंग व ऐकणे यांचे दार एकच. अंधारात एक वायर काढून दुसरी खोवणे, आणि तीही चपट्या पिनची, मंद दृष्टीच्या व्यक्तीस जमेना. दोन तोंडांचा तुकडा मिळतो, ज्यात चार्जिंग व इयरफोन एकाच वेळी लागतात. तो आणून पाहिला. चालला, पण फोनला दोन वायरी लोंबू लागल्या आणि त्यांच्या भाराने तुकडा सैल होऊ लागला. वारंवार काढ-घाल केल्याने चार्जिंगचे छिद्रच झिजले तर फोन भरणेच बंद होते, ही भीती वेगळी.

अखेर गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्यासाठी जॅक असलेलाच फोन घेतला. शोधताना एक गोष्ट ध्यानी आली, जी आपल्या व्यापारी बुद्धीला उलटी वाटेल. महागड्या फोनांत हे छिद्र जवळजवळ नामशेष झाले आहे. अल्प किमतीच्या अनेक फोनांत ते अजून आहे. आधीच्या फोनच्या निम्म्याहून कमी किमतीत काम झाले. चिरंजीवांना थोडे वाईट वाटले. मातोश्रींनी फोन हातात घेतला, कडेवरून बोट फिरविले आणि काही न बोलता लाल दोऱ्याचा इयरफोन मागितला. आता पहाटे चार वाजता त्यांच्या खोलीत कसलाही आवाज नसतो आणि आम्ही सर्व निजलेले असतो.

प्रवासात याच्या नेमके उलट दृश्य दिसते. रेल्वेच्या डब्यात, रुग्णालयाच्या बाकावर फोन मोठ्याने वाजत असतात; एकाचे भक्तिगीत, दुसऱ्याच्या बातम्या, तिसऱ्याचा विनोद. इयरफोन डब्यातून येईनासे झाले याचा यात काही वाटा आहे, असा माझा दाट संशय आहे. शिष्टाचार कमी झाला हे खरेच. पण शिष्टाचार पाळण्याचे साधनही पूर्वी फुकट मिळत होते.

नवा फोन घेताना, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांसाठी, कॅमेरा आणि रंग यांच्याआधी '३.५ मिमी ऑडिओ जॅक' ही ओळ माहितीपत्रकात आहे का ते पाहावे. एफएम रेडिओची ओळही बहुधा तिच्याच शेजारी सापडते. घरातील चालू स्थितीतले वायरचे इयरफोन टाकून देऊ नयेत. गुंडाळी सैल ठेवावी, कारण पिनेपाशी घट्ट वाकविलेली वायर प्रथम तेथेच तुटते. आणि ज्यांच्या फोनला आता एकच छिद्र उरले आहे त्यांनी ते महिन्यातून एकदा, फोन बंद करून, कोरड्या लाकडी दातकोरणीने हलकेच साफ करावे. पिन सैल बसते, चार्जिंग तुटते, आवाज खरखरतो, यातील निम्म्या तक्रारींच्या मुळाशी खिशातला कापूसच असतो. आमच्या ओळखीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांच्या फोनमधून तर चिमूटभर पिवळी पूड निघते.